जुन्या सामानातून सुपरहिरोचा कामाचा पट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटात असे तीन पट्टे लटकलेले आहेत. पहिला फोटोत झकास दिसतो, पण त्याचा एकही कप्पा कामाचा नाही. दुसऱ्यात इतकं सामान भरलं होतं की तो दुपारपर्यंत गुडघ्याकडे निघाला होता. तिसरा मात्र मी कॉस्प्लेला, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख करून मिरवायला, लावतेच, शिवाय ट्रेकला आणि घरातला पंखा दुरुस्त करतानाही लावते. खालची उत्तरं बहुतेक पहिल्या दोघांनी शिकवलेली आहेत.

याला मराठीत काय म्हणायचं? कमरपट्टा?

कमरपट्टा म्हटलं की डोळ्यांसमोर नऊवारीवरचा सोन्याचा दागिना येतो. दुकानात तो शब्द वापरलात तर समोरचा माणूस तुम्हाला सराफाकडे पाठवेल. मी नुसता ‘पट्टा’ म्हणते. बॅगवाल्याला ‘कप्प्यांचा पट्टा’ म्हटलं की लगेच कळतं.

सुपरहिरोला पट्टा लागतोच कशाला? अंगात शक्ती असते की.

ज्याच्या अंगात शक्ती नाही, त्याला लागतो. बॅटमॅन १९३९ च्या मे महिन्यात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात आला तेव्हाच त्याच्या कमरेला पट्टा होता. दोनच अंकांनंतर त्या पट्ट्यातून गुदमरवणाऱ्या वायूच्या कुप्या निघाल्या आणि पट्ट्याला काम मिळालं. आपल्याकडे १९८७ पासून राज कॉमिक्समध्ये आलेला सुपर कमांडो ध्रुव त्याच जातीचा. दैवी शक्ती वगैरे काही नाही, डोकं आणि पट्टा एवढ्यावर निभावतो. म्हणून असा पट्टा करायचा तर तो खरंच उपयोगी असला पाहिजे, नाहीतर पात्राचा मुद्दाच निसटतो.

आणि ही कल्पना आपल्याला नवी नाही. माझ्या आजोबांच्या कमरेला चंची असायची. कापडाची गुंडाळी, आत पानाचा, सुपारीचा, काताचा वेगळा कप्पा, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि बांधायला एक दोरी. अंधारातही त्यांचा हात बरोबर लवंगेवर जायचा. मला पट्ट्याकडून नेमकं तेच हवं असतं.

सुरुवात कुठून करू? आधी पट्टा घेऊ की पाकिटं?

दोन्ही नको. आधी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि त्या दिवशी तुम्हाला खरोखर काय लागणार आहे ते त्यावर मांडा. माझी यादी अशी असते: मोबाईल, थोडे सुटे पैसे, घराची किल्ली, सेफ्टी पिना, दोरा ओवलेली सुई, झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी ट्यूब, काळी इन्सुलेशन टेप, बोटाएवढी टॉर्च, जखमेच्या पट्ट्या, ओआरएसचं पाकीट, डोक्याला टोपी घट्ट बसते म्हणून डोकेदुखीची गोळी. पाण्याची बाटली पट्ट्यावर नको. अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो वजन, तेही एकाच बाजूला लोंबणारं.

या यादीत बॅटमॅन फेकतो तसलं बुमरँग कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. कॉस्प्लेच्या प्रदर्शनात सहा तास उभं राहिल्यावर बुमरँगची गरज एकदाही पडत नाही. बुटाचा तळ निघतो, झग्याची शिवण उसवते, शेजारच्या वंडर वुमनचा मुकुट मोडतो. अशा वेळी पट्ट्यातून टेप काढून देणारा माणूस त्या हॉलपुरता तरी खराच हिरो ठरतो.

सामान ठरलं की त्याच्या मापाने कप्पे शोधायचे. उलटं केलं की काय होतं ते माझ्या पहिल्या पट्ट्याला विचारा. एकसारखे दहा सुंदर चौकोनी कप्पे शिवले आणि मोबाईल एकातही मावला नाही.

मुख्य पट्टा कशाचा करावा?

माझी पहिली पसंती गाडीच्या जुन्या सीट बेल्टला. पॉलिएस्टरचा घट्ट विणलेला पट्टा, जवळपास पावणेदोन ते दोन इंच रुंद, कडा न उसवणाऱ्या, आणि ताकद इतकी की आपल्या सामानाचा त्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकी नियमांत कमरेवरच्या सीट बेल्टच्या पट्टीला जवळपास २६.७ किलोन्यूटन ताण सोसावा लागतो. म्हणजे साधारण पावणेतीन टन. मुंबईत कुर्ल्याला, पुण्यात जुन्या बाजारात, किंवा कुठल्याही गावातल्या गाड्यांच्या भंगारवाल्याकडे तो मिळतो. लाल बटणाचं बकलही मागून घ्या. ‘खट्’ आवाज करून सुटणारं ते बकल समोर लावलं की निम्मं काम झालं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. पट्टी कापून आणा, पण ती गुंडाळणारा डबा उघडायला जाऊ नका. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत अपघाताच्या क्षणी पट्टा खेचून धरण्यासाठी स्फोटक दारूची बारीक पुडी बसवलेली असते. काही गाड्यांत ती डब्यात असते, काहींत बकलच्या बुडाशी. बकलच्या खालून वायर निघालेली दिसली तर ते बकल तिथेच ठेवा आणि वायर नसलेलं दुसरं शोधा. मागच्या सीटवर बरेचदा साधं बकल सापडतं.

दुसरा पर्याय नवार. नवारीची खाट आता फारशी दिसत नाही, पण पट्टी अजून मिळते. सुती नवार अंगाला छान लागते, रंगही पिते, मात्र वजन पडलं की हळूहळू ताणते. घ्यायचीच असेल तर दुहेरी शिवा. चामड्याचा जुना रुंद पट्टा देखणा दिसतो, पण त्यावर कप्पे इकडेतिकडे सरकवता येत नाहीत आणि घामाने तो कडक होतो.

हातात आलेली पट्टी सुती की पॉलिएस्टर हे ओळखायचं असेल तर कडेचा एक धागा काढून काडीपेटीवर धरा. सुती धागा कागदासारखा जळून राख होईल. पॉलिएस्टर किंवा नायलॉन वितळून टोकाला कडक मणी होईल. असा मणी होणाऱ्या पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर जरा फिरवून बंद करता येतात. खिडकी उघडी ठेवा आणि वितळलेल्या टोकाला बोट लावू नका. मी लावलं होतं.

कप्पे कुठून आणायचे?

या प्रश्नाला मी सगळ्यांत जास्त वेळ देते.

सिनेमातले पट्टे बघू नका. जी माणसं दिवसभर कमरेवर किंवा खांद्यावर हत्यारं घेऊन काम करतात, त्यांचं सामान बघा. एसटीच्या कंडक्टरची पैशांची चामडी पिशवी एकदा नीट न्याहाळा. तोंड रुंद, आत कप्पे, खचाखच भरलेल्या गाडीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने, न बघता, सुटे पैसे काढता येतात. वायरमनच्या कमरपिशवीत पक्कड नेहमी मूठ वर करून उभी असते आणि टेस्टरला वेगळी अरुंद नळी असते, म्हणजे हात गेला की तीच वस्तू हाती येते. या गोष्टी कोणी कागदावर आखून काढलेल्या नाहीत, वर्षानुवर्षांच्या वापराने तशा झाल्या आहेत. आपण त्या उचलायच्या, बास.

प्रत्यक्षात मी काय काय वापरलंय ते सांगते. वायरमनची जुनी पिशवी कापून तिचे दोन कप्पे. कॅमेऱ्याच्या लेन्सचं गोल पाकीट, आत फोम असलेलं, मोबाईलचा चार्जर त्यात नीट बसतो. पट्ट्याला अडकवायचं मोबाईलचं चामडी कव्हर, जे एकेकाळी प्रत्येक काकांच्या कमरेला असायचं आणि आता प्रत्येक घराच्या एखाद्या खणात पडलेलं असतं. चष्म्याची कडक डबी, पिना आणि सुईसाठी. कंपासपेटीचं पत्र्याचं झाकण, वाकवून बकलवरची ढाल करायला. फिल्मच्या रोलच्या प्लास्टिकच्या डब्या, ओळीने चार लावल्या की अगदी कॉमिक्समधल्या कुप्या. आणि माझी लाडकी वस्तू म्हणजे दोन्ही टोकांना उघडणारी तंबाखू-चुन्याची डबी. नवी घ्या. जुनी कितीही धुतली तरी वास जात नाही.

यातलं काहीही विकत घेण्याआधी घरातले खण उपसा. मग नातेवाइकांचे. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट आहेच. बकल, कड्या, आयलेट यांसाठी पुण्याच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एक चक्कर पुरते. भाव करताना सुपरहिरोचा विषय काढू नका. ‘नाटकासाठी पाहिजे’ म्हणा, जरा सहानुभूती मिळते.

किती कप्पे बसतील? चित्रात तर दहा-बारा दिसतात.

चित्रातला माणूस खाली वाकत नाही. आपल्याला वाकायचं असतं, बसायचंही असतं.

पोशाख घालून, पट्टा जिथे बसणार तिथे, म्हणजे कमरेच्या हाडांवर माप घ्या. जीन्सच्या मापावर जाऊ नका, पोशाखाचे थर मिळून ते सहज दोन-तीन इंचांनी वाढतं. समजा माप ९६ सेंटिमीटर आलं. बकलचे १२ गेले, ८४ उरले. बकलच्या दोन्ही बाजूंना ८-८ सेंटिमीटर मोकळे सोडायचे, नाहीतर वाकताना कप्पा पोटात घुसतो. राहिले ६८. मागे मणक्यावर १० सेंटिमीटर मोकळे हवेतच. तिथे कडक डबी असेल आणि तुम्ही घसरून पाठीवर पडलात, तर ती थेट मणक्यावर येईल. राहिले ५८. एक कप्पा ७ सेंटिमीटरचा आणि मधली फट दीडची, म्हणजे साडेआठ. झाले ६ कप्पे, आणि वर थोडी जागा. रुंद कप्पा असेल तर ५. डाव्या-उजव्या बाजूला सारखं वजन ठेवा. ज्या हाताने लिहिता त्या बाजूला रोज लागणाऱ्या वस्तू.

एवढ्याने चित्रासारखं भरगच्च दिसत नाही अशी तक्रार असेल, तर मोकळ्या जागेत फोमचे पातळ खोटे कप्पे चिकटवा. ते दबतात, टोचत नाहीत.

पट्टा सारखा खाली घसरतो. काय करू?

लायक्राच्या गुळगुळीत पोशाखावर कुठलाही पट्टा घसरणारच, तो आवळून काही होत नाही. श्वास कोंडतो एवढंच. उपाय दोन. पहिला: आत एक पातळ पट्टा, बाहेर कप्प्यांचा जाड पट्टा, आणि दोघांमध्ये पूर्ण लांबीभर वेल्क्रो. आतल्या पट्ट्याला पोशाखावरच्या लुपांतून ओवायचं. लुपा नसतील तर चार जागी नवारीचे बोटभर तुकडे पोशाखावर शिवून त्यांना टिचबटणं लावायची. पोलिसांच्या आणि सैनिकांच्या जड पट्ट्यांत हीच युक्ती असते.

दुसरा उपाय गॅलस, म्हणजे पट्टा खांद्यांवरून उचलून धरणाऱ्या पट्ट्या. झगा असेल तर त्याखाली कुणाला दिसतही नाहीत. दीड किलोच्या वर वजन गेलं की मी सरळ गॅलस लावते, लाज बाळगत नाही.

माझ्याकडे शिलाई मशीन नाही.

चालेल. सीट बेल्ट घरच्या मशीनवर तसाही कुरकुरतच शिवला जातो. मशीन असेलच तर १६ किंवा १८ नंबरची सुई आणि पॉलिएस्टरचा दोरा घ्या, हळू चालवा. नसेल तर दाभण, मेण लावलेला जाड दोरा आणि भरपूर चहा. जोडावर चौकोन शिवायचा आणि त्या चौकोनात फुली मारायची, म्हणजे ताण सगळीकडे वाटला जातो. सीट बेल्टची शिवण बघा, बॅगेच्या पट्ट्याची बघा, सगळीकडे हाच नमुना सापडेल.

याहून सोपं म्हणजे कोपऱ्यावर चपला-बॅगा शिवणारे काका. त्यांच्याकडची आरी आणि मशीन पाच मिनिटांत ते करते, ज्याला तुम्हाला अख्खा रविवार लागेल. फक्त खडूने खुणा करून जा. ‘इथे असं असं’ म्हणत हातवारे केलेत तर जे होईल त्याला तुम्हीच जबाबदार.

कप्पे पट्ट्यावर कायमचे शिवू नका. मागे नवारीची लूप ठेवून पट्टा त्यातून ओवा. पहिल्या दिवसाच्या वापरानंतर प्रत्येक कप्प्याची जागा बदलावीशी वाटते.

कप्प्यांना वेल्क्रो लावू, टिचबटण लावू की चेन?

वेल्क्रो स्वस्त, पण पोशाखाच्या लायक्राला घासून त्याचे धागे ओढतो. आवाजही असा करतो की गुपचूप काही काढणं अशक्य. जाड हातमोजे असतील तर मात्र तोच बरा, कारण हातमोज्याने टिचबटण सापडत नाही. मोबाईलला आणि पैशांना चेन. बाकी सगळीकडे टिचबटण. चुंबक मला देखणे वाटतात, पण चुंबकी पट्टीची कार्डं बिघडू शकतात, आणि गर्दीत कुणाच्या छातीत पेसमेकर असेल ते आपल्याला दिसत नसतं. मी सोडून दिले.

दिवे लावायचे आहेत. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून वापरू का?

नाही. सुटा लिथियम सेल, कापड, फोम आणि तुमचं पोट, या चार गोष्टी इतक्या जवळ असता कामा नयेत. साधे पेन्सिल सेल घ्या. तीन सेलचा डबा म्हणजे ४.५ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे प्रवाह आवरायला ६८ ओहमचा रेझिस्टर पुरतो. लाल एलईडी २ व्होल्टवर चालतो, त्याला १२५ च्या वरचा, दुकानात सहज मिळणारा १५० ओहमचा लावा. हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चणे-फुटाण्याच्या भावात मिळतं.

पॉवर बँक वापरणाऱ्यांची एक हमखास फसगत होते. दिवा लागतो आणि अर्ध्या मिनिटात विझतो. वायरिंगला दोष देऊ नका. एकटा एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की पॉवर बँकेला वाटतं मोबाईल काढून घेतला, आणि ती झोपी जाते. म्हणूनही मी पेन्सिल सेलवर आहे.

हुक आणि दोरी लावली तर लटकता येईल का?

हा प्रश्न दर वेळी हसत हसत विचारला जातो आणि मला दर वेळी घाम फुटतो. नाही. पट्टी पावणेतीन टन सोसते म्हणून काय झालं? तुमची शिवण सोसत नाही, बकल सोसत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचं पोट सोसत नाही. पडणारं शरीर नुसत्या कमरेच्या पट्ट्याने एकदम अडवलं की सगळा झटका आतल्या अवयवांवर आणि पाठीच्या कण्यावर येतो. याच कारणाने अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून कामगारांना पडण्यापासून वाचवण्यासाठी नुसता कमरेचा पट्टा वापरायला बंदी आहे. मांड्या आणि खांदे धरणारा पूर्ण हार्नेस लागतो.

सह्याद्रीत फिरणाऱ्या मित्रांकडे निवृत्त झालेले कॅरॅबिनर आणि स्लिंग, म्हणजे कडे चढताना दोरी अडकवायच्या धातूच्या कड्या आणि पट्ट्या, असतात. ते शोभेसाठी जरूर मागून घ्या, अस्सल दिसतात. पण आणल्या दिवशीच त्यावर लाल तेलरंगाचा पट्टा ओढा. नाहीतर दोन वर्षांनी कुणीतरी ते कपाटातून उचलून खरंच कड्यावर घेऊन जाईल. हिरोच्या पट्ट्यातून सुटणाऱ्या दोरीच्या जागी ओळखपत्राची ओढली की लांबणारी रीळ लावा. त्याला मी किल्ली अडकवते. ओढली, कुलूप उघडलं, सोडली, सर्रकन परत. शेजारची मुलं अजून टाळ्या वाजवतात.

काळ्या पट्टीवर पिवळा रंग हिरवट दिसतो.

दिसणारच. पिवळा रंग खालचं झाकत नाही. आधी पांढऱ्याचे दोन हात द्या, ते पूर्ण वाळू द्या, मग पिवळा. फोमच्या भागांवर त्याआधी पाणी मिसळलेल्या फेविकॉलचे दोन-तीन पातळ थर द्या, म्हणजे रंग शोषला जात नाही आणि वाकवल्यावर कमी तडकतो. थर्माकोलवर स्प्रे मारू नका, तो विरघळतो. खरं सांगायचं तर सीट बेल्टची पट्टी रंगवायच्या भानगडीत पडूच नका. वर पिवळं कापड शिवा.

तपासणीत काही अडचण येते का?

मेट्रोत, मॉलमध्ये, प्रदर्शनाच्या दारात, सगळीकडे पट्टा काढायला लावतात. बकल पटकन सुटणारं असलं की मागची रांग शिव्या देत नाही. खरं पातं, चाकू, फटाके, धुराच्या कांड्या ठेवूच नका. फेकायची शस्त्रं फोमची करा. विमानाने जात असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात चालत नाही. कात्री, पक्कड मात्र उलट, चेक-इनमध्ये.

शाळेच्या फॅन्सी ड्रेससाठी पाच वर्षांच्या मुलाला करायचा आहे.

मग वरचं निम्मं विसरा. नवारीची पट्टी, मागे वेल्क्रो, म्हणजे ओढलं की सुटेल. कप्पे तीन, एकात रुमाल, एकात चॉकलेट, एक रिकामा, कारण त्यात तो दगड गोळा करणार आहे. बटणाएवढे सेल आणि सुटे चुंबक अजिबात नकोत. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका भाजू शकतो, आणि दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात. दिवा हवाच असेल तर स्क्रूने बंद होणारी लहान टॉर्च शिवून टाका.

रिक्षात बसताना आणि बाथरूमला जाताना?

रिक्षात पट्टा काढून मांडीवर. बाथरूमला जाताना काढून दाराच्या कडीला, जमिनीवर कधीच नाही. अंगावर एकसंध पोशाख असेल तर पट्टा आधी, मग झगा, मग बाकीचं, हा क्रम घरी दोनदा करून बघा. घड्याळ लावून.

पावसाळ्यात बुरशी येते.

रेक्झिनला आणि चामड्याला येतेच. वापरून झाला की कप्पे रिकामे करून, उलटे करून, पंख्याखाली रात्रभर ठेवा. बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून प्रत्येक कप्प्यात एकेक टाका. सेल काढून ठेवा, गळतात. लोखंडी बकलला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. आणि कप्पे रिकामे करताना ओआरएसचं पाकीट तपासा. माझं एकदा आतल्या आत फुटलं होतं, सुट्या पैशांवर मिठाचा थर बसला होता, आणि रिक्षावाल्याने ते दहाचं नाणं हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघितलं होतं.